वर्षदिनाची भेट म्हणून हवेची गादी: रोहो क्वाड्ट्रो सिलेक्ट, हाय प्रोफाइल

मणक्याच्या दुखापतीचा पहिला वर्षदिन जवळ आला की घरातल्यांची चुळबुळ सुरू होते. तारीख सगळ्यांना पाठ, पण विषय काढायला कुणी धजत नाही. केक आणावा की तो दिवस गुपचूप जाऊ द्यावा? काहीजण या दिवसाला दुसरा वाढदिवस म्हणतात, काहींना त्या दिवशी फोनसुद्धा नको असतो, आणि काहींचं मत दर वर्षी बदलतं. तारीख ज्याची, त्याला आधी विचारावं. अचानक चाळीस माणसं जमवून चकित करण्याचा हा दिवस नव्हे.

भेट द्यायचीच असेल तर फ्रेम, सन्मानचिन्ह, नाव कोरलेला कप यांपेक्षा बुडाखालच्या गादीकडे बघावं. रुग्णालयातून घरी येताना दिलेली गादी तेव्हाच्या शरीराच्या मापाची असते, आणि वर्षभरात ते शरीर बदललेलं असतं. लकवा आलेले स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्यानं झिजू लागतात. नितंबांवरचं मांस उतरतं आणि बैठकीची दोन हाडं व माकडहाड कातडीच्या जवळ येतात. वजन आधी घटतं, मग बऱ्याच जणांचं पोटाकडे वाढतं. स्पॅझम, म्हणजे स्नायूंना आपोआप येणारे झटके, वाढलेले असतात, किंवा औषधानं कमी झालेले असतात. एका बाजूला कलून बसायची सवय लागून कंबर तिरकी झालेली असते. गादी मात्र तीच. म्हणून वर्षदिन हा गादी तपासायचा दिवस ठरवावा, आणि तपासणीत ती नापास झाली तर नवी गादी हीच भेट. या कामासाठी सगळ्यात जास्त सुचवल्या जाणाऱ्या गाद्यांपैकी एकीचं हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कातडीला जपण्यात ही गादी उत्तम आहे, स्थिर बसण्याच्या बाबतीत मध्यम, आणि देखभालीत कटकटीची. रोज एक मिनिट तिच्यासाठी काढणारं घरात कुणी नसेल तर ही घेऊ नये. मग फोमची साधी गादी परवडली.

रोहो गादीची मूळ कल्पना रॉबर्ट ग्रेब या इंजिनिअरची, १९७०च्या दशकातली. आता रोहो ही कंपनी पर्मोबिल या व्हीलचेअर बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. नीओप्रीन रबराच्या एका चटईवर एकमेकांना चिकटून उभे राहणारे फुगे, आणि ते सगळे तळातून एकमेकांना जोडलेले. हाड जिथे टेकतं तिथला फुगा दबतो, त्यातली हवा शेजारच्या फुग्यांत जाते आणि शरीर थोडं आत बुडतं. बुडालेल्या भागाला चारी बाजूंनी आधार मिळाल्यामुळे सगळं वजन त्या दोन हाडांवर येत नाही. फुगे प्रत्येकी सुटे हलत असल्यानं घसरताना कातडी ओढली जाण्याचं प्रमाणही कमी राहतं. बेडसोर, म्हणजे एकाच जागी बसून-पडून होणारी जखम, नुसत्या दाबानं होत नाही, या ओढीनंही होतो. कातडी जागेवर राहते, आतलं हाड सरकतं, आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात.

क्वाड्ट्रो म्हणजे चार कप्पे: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. पुढच्या बाजूला एक आडवी कळ असते. तिचं हिरवं टोक आत दाबलं की चारही कप्प्यांत हवा मोकळी फिरते, लाल टोक दाबलं की कप्पे एकमेकांपासून तुटतात आणि हवा जिथली तिथे राहते. एक कप्प्याच्या साध्या रोहोत ही सोय नसते. त्यामुळे कंबर एका बाजूला कललेली असेल तर हवा हलक्या बाजूला पळते आणि माणूस आणखी कलतो. क्वाड्ट्रोचा खरा फायदा इथे आहे. ज्याची कंबर सरळ आहे आणि धडाचा तोल चांगला आहे, त्याला चार कप्प्यांची गरज बहुतेक वेळा नसते.

हाय प्रोफाइल म्हणजे फुग्याची उंची सुमारे १० सेंमी. याच घराण्यात मिड आणि लो प्रोफाइलही मिळतात, लो साधारण निम्म्या उंचीची. आधी बेडसोर झालेला असेल, मांस फारच उतरलं असेल किंवा कंबर तिरकी असेल तर हाय. तोल डळमळीत असेल आणि कातडी आजवर धड राहिली असेल तर लोचा विचार करावा. उंच म्हणजे चांगली, हे समीकरण दुकानात सोपं वाटतं. घरी आल्यावर ते टेबलाखाली गुडघे अडकवतं.

मापाची भानगड आधी समजून घ्या. रोहोची मापं फुग्यांच्या संख्येत सांगतात. ८ बाय ८ म्हणजे साधारण ३८ सेंमी, ९ बाय ९ म्हणजे ४२ च्या आसपास, १० बाय १० म्हणजे ४७. रुंदी आणि लांबीतले फुगे वेगवेगळे घेता येतात, उदाहरणार्थ ९ बाय १०. मोजायची असते खुर्चीच्या बैठकीची आतली रुंदी आणि लांबी, जुन्या गादीची नव्हे, कारण जुनी गादी चुकीचीही असू शकते. गादी बैठकीपेक्षा रुंद असली की कडेचे फुगे खुर्चीच्या बाजूच्या पट्ट्यांवर चढतात आणि माणूस खोबणीत बसल्यासारखा होतो. लांबीला जास्त असली तर पुढची कड गुडघ्यामागे टोचते. मग तो कंबर पुढे सरकवून बसतो आणि वजन थेट माकडहाडावर येतं. गुडघ्याची मागची बाजू आणि गादीची कड यांच्यात दोन ते तीन बोटं जागा हवी.

खुर्चीची बैठक कापडी असेल आणि वापरून झोळी झाली असेल तर नवी गादीही त्या झोळीत झोळीच होते. मांड्या आत वळतात, दोन्ही कडांचे फुगे चेपतात, मधले मोकळे राहतात. अशा वेळी आधी बैठक ताणून घ्यावी, नाहीतर गादीखाली सपाट कडक फळी बसवावी. हे न करता नवी गादी आणली तर दोष तिला दिला जातो आणि जुन्या झोळीकडे कुणी बघत नाही.

आता बसवणं. पाऊण तासाचं काम आहे. वर्षदिनाच्या सकाळी पाहुणे यायच्या वेळेला करू नये, आठवडाभर आधी करावं.

गादी फुगे वर, सरकू नये असं दुसरं अंग खाली करून ठेवायची. हवेचा व्हॉल्व्ह पुढच्या डाव्या कोपऱ्यात येईल असं बघायचं. कळीचं हिरवं टोक दाबून सगळे कप्पे मोकळे करायचे. सोबत आलेल्या हातपंपानं गादी किंचित फुगीर दिसेपर्यंत, म्हणजे मधून वर येऊ लागेपर्यंत हवा भरायची आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. मग माणसानं नेहमीसारखं बसायचं: रोजचे कपडे, रोजचे बूट, पाय फुटरेस्टवर, पाठ मागे टेकलेली. कप्पे लाल करायची घाई करू नका. हवा आपापल्या जागी जायला मिनिटभर द्या.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. तळहात वर करून हात गादी आणि शरीर यांच्यामध्ये बाजूनं आत सरकवायचा आणि सगळ्यात खाली आलेलं हाड शोधायचं. पाय किंचित हलवला तर ते हाताला पटकन लागतं. हाड सापडलं की बोटं त्याच्या बरोबर खाली न्यायची आणि तिथपासून तळापर्यंत किती हवा आहे ते अंदाजायचं. दीड ते अडीच सेंमी हवी. जास्त वाटली तर व्हॉल्व्ह हळूच उघडून थोडी थोडी सोडायची आणि पुन्हा बघायचं. कमी असेल तर भरायची. जुळलं की कंबर सरळ धरून लाल टोक दाबायचं. डावी आणि उजवी दोन्ही हाडं वेगवेगळी तपासा, एकाच बाजूवर भागवू नका.

ज्याच्या हाताच्या बोटांना स्पर्श कळत नाही त्यानं हे स्वतः करू नये. मानेच्या पातळीवरच्या दुखापतीत ही अडचण बहुतेकांना असते. घरातल्या दोन माणसांना शिकवून ठेवावं. एकच माणूस जाणकार असेल तर तो आजारी पडलेल्या आठवड्यात गादी कुणी बघत नाही. कंपनीचं स्मार्ट चेक नावाचं छोटं यंत्रही आहे. ते सेन्सरची सोय असलेल्या गादीला जोडलं की एकदा हातानं ठरवलेली हवेची मर्यादा लक्षात ठेवतं आणि नंतर हवा त्या मर्यादेत आहे की नाही ते सांगतं. पण पहिली मर्यादा हातानंच ठरवावी लागते. ती चुकली तर यंत्रही तीच चूक रोज इमानानं सांगत राहतं.

हवा जास्त असण्याचा दोष हवा कमी असण्याइतकाच मोठा आहे, हे पुष्कळांना पटत नाही. टणक फुगवलेल्या गादीत शरीर बुडतच नाही, दोन हाडं दोन फुग्यांच्या टोकावर टेकतात आणि दाब वाढतो. शिवाय माणूस डुगडुगतो. तोल जातो म्हणून जी तक्रार येते, तिच्यातला मोठा वाटा निव्वळ जास्त हवेचा असतो. उलट हवा कमी असली की हाड थेट तळाला लागतं. बोटं आत सरकेनात, तर हाड तळाला टेकलंय असं समजायचं आणि तेवढ्यापुरतंही बसून राहायचं नाही.

नवी गादी पहिल्याच दिवशी दिवसभरासाठी नसते. पहिल्यांदा अर्धा ते एक तास. मग आडवं होऊन आरशानं किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांनी दोन्ही हाडांवरची आणि माकडहाडावरची कातडी बघायची. गोऱ्या कातडीवर लालसर दिसतं. सावळ्या कातडीवर जांभळट, गडद किंवा नुसतंच गरम आणि टणक लागतं, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं ऊब तपासावी. बोटानं दाबल्यावर रंग फिकट होत नसेल, किंवा डाग अर्ध्या तासानंही जात नसेल, तर त्या दिवशी पुन्हा त्या भागावर वजन देऊ नये आणि हवा नव्यानं बघावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वेळ वाढवत न्यायचा.

आता वर्षदिनाच्या भेटींतला आमचा आवडता अपराध: नक्षीदार कव्हर. कुणीतरी हौसेनं नाव भरतकाम केलेलं, कडेला जाड शिवण असलेलं, तारखेचा बिल्ला लावलेलं कव्हर शिवून आणतं. गादीचं मूळ कव्हर ताणलं जाणारं असतं, ते फुग्याबरोबर हलतं. त्यावर न ताणणारं दुसरं कापड घातलं की झोपाळ्यासारखा एक ताणलेला पडदा तयार होतो. शरीर फुग्यांत बुडत नाही, पडद्यावर टांगलं जातं. भरतकामाच्या गाठी कातडीत रुततात. टॉवेल, प्लास्टिक, मेंढीची कातडी, दोन कव्हरं, यांचाही परिणाम तोच. नाव घालायचंच असेल तर पाठीच्या कापडावर मागून घाला, तिथे कुणाला इजा होत नाही.

याहून वाईट भेट म्हणजे मधोमध भोक असलेली गोल गादी. दिसायला मऊ, पण तिची कड गोल दाबते, मधल्या भागाकडे जाणारं रक्त अडवते आणि भोकाच्या आसपासची कातडी सुजते. मणक्याच्या रुग्णासाठी ती घरातच नको.

इतर पर्यायांशी थोडक्यात तुलना. ‘जे’ (Jay) नावाची द्रवाची गादी, म्हणजे आकार दिलेल्या फोमवर जेलसारख्या दाट द्रवाची पिशवी. तिच्यावर बसणं स्थिर वाटतं, खुर्चीतून पलंगावर जाताना हात टेकायला जागा भक्कम मिळते, पंक्चर झालं तरी एका क्षणात सगळा आधार जात नाही. तोटे दोन: वजन, आणि द्रव हाडाखालून बाजूला सरकतो. तो रोज हातानं पुन्हा मागे ढकलावा लागतो. वजनाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. स्वतः खुर्ची गाडीत चढवणाऱ्याला एक-एक किलो जाणवतो. चांगल्या फोमची गादी हलकी, स्वस्त, काही न मागणारी; पण ती हळूहळू बसते आणि बसल्याचं डोळ्यांना कळत नाही. अंगठा जोरात दाबून सोडल्यावर खड्डा लगेच भरत नसेल तर फोम संपला. ओली झालेली फोमची गादी आतून लवकर सुकत नाही. याबाबतीत रोहो सरस: पुसली की झालं.

ज्याला दिवसातून पंधरा वेळा खुर्चीतून उतरायचं-चढायचं असतं आणि कातडीचा त्रास कधी झालेला नाही, त्याला आम्ही ही गादी सुचवणार नाही. हवेवर हात टेकून उचलणं म्हणजे पाण्यावर हात टेकण्यासारखं. खुर्चीतून पलंगावर सरकायला वापरतात त्या सरकफळीचं टोकही फुग्यांत रुततं. यावर एक सोपी युक्ती आहे, फळी गादीवर न ठेवता बैठकीच्या कडेच्या पट्टीवर टेकेल अशी धरायची. पण ती जमायला सराव लागतो.

दाबाचे आकडे बघून गादी निवडू नका. विक्रीच्या माहितीपत्रकात पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरचा उल्लेख अजून दिसतो, जणू त्याखाली सगळं सुरक्षित. तो आकडा १९३० सालच्या प्रयोगातला, निरोगी माणसांच्या नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांवर मोजलेला. लकवा आलेल्या नितंबांशी त्याचा थेट संबंध नाही. प्रेशर मॅपिंग, म्हणजे सेन्सरची चटई घालून रंगीत नकाशा काढणं, हे दोन गाद्यांची तुलना करायला आणि तिरकी कंबर ओळखायला उत्तम. बसल्याबसल्या पहिल्या मिनिटाचा नकाशा मात्र धरू नये, गादी आणि शरीर स्थिरावायला काही मिनिटं लागतात. बैठकीच्या तज्ज्ञाकडे जाण्याची सोय असेल तर वर्षदिनाच्या महिन्यात ही तपासणी करून घ्या आणि नकाशाची प्रत ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला तीच उपयोगी पडते.

एवढं करूनही कोणतीच गादी वजन हलवण्याचं काम स्वतःहून करत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी हाडांवरचा भार काढावाच लागतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पाच-दहा सेकंद उचलणं पुरत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दबलेल्या कातडीतला प्राणवायू पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागले होते. एवढा वेळ हातांवर कुणी तोलू शकत नाही आणि तसं करत राहिलं तर खांदे जातात. म्हणून छाती मांड्यांकडे नेऊन पुढे वाकणं, किंवा एकेका बाजूला कलणं, दोन-दोन मिनिटं. विजेच्या खुर्चीत मागे झुकायची सोय असेल तर जरासं झुकून उपयोग नाही, चांगलं मागे जावं लागतं.

वर्षदिनाचाच दिवस या बाबतीत धोक्याचा, ही गंमत बघा. लोक जमतात, गप्पा लांबतात, सहा तास सलग बसणं होतं आणि मध्येच पुढे वाकलं की कुणीतरी विचारतं, बरं वाटत नाही का? फोनचा कंपनाचा गजर लावून ठेवावा. दुसरा घोळ म्हणजे फोटोसाठी किंवा आग्रहाखातर सोफ्यावर किंवा साध्या खुर्चीवर बसणं. पाच मिनिटांचे तीन तास होतात आणि गादी बाजूला व्हीलचेअरवर रिकामी. तिसरं, नवे कपडे. मागच्या खिशावर धातूची बटणं, जाड शिवण, खिशात पाकीट किंवा किल्ली, हे सगळं हवेच्या गादीवरही कातडीत रुततं. खिशांशिवायची, मागे शिवण नसलेली, किंचित सैल पँट घ्यावी.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना याचा आणखी एक अर्थ आहे. घट्ट पट्टा, रुतलेलं बटण, पिळलेली लघवीची नळी यांमुळे रक्तदाब एकदम चढू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशांचा नेहमीचा वरचा आकडा बऱ्याचदा ९० ते ११० च्या घरात असतो, त्यामुळे १४० हा इतरांना साधा वाटणारा आकडाही त्यांच्यासाठी धोक्याचा. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, दुखापतीच्या वर घाम येणं ही लक्षणं. आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, पट्टा-बूट-कपडे सैल करायचे, लघवीची नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघायचं, मग पोट तुंबलंय का आणि कातडीला काही रुततंय का ते. लक्षणं ओसरेनात तर थांबू नका, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

प्रवासाचा कार्यक्रम ठरला असेल तर हवेच्या गादीची एक जन्मजात खोड लक्षात ठेवा. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि बंद फुग्यातली हवा पसरते, गादी टणक होते. विमानाच्या आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवतात. २,४०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. विमान वर गेल्यावर हात घालून बघावं आणि लागल्यास थोडी हवा सोडावी. खरी चूक होते उतरल्यावर. सोडलेली हवा परत भरायची राहते आणि माणूस तळाला टेकून दिवसभर फिरतो. पंप सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवायचा तो यासाठी. घाटरस्त्यालाही हाच नियम. बंद गाडीत तापलेली किंवा गारठलेली गादी खोलीच्या तापमानाला आल्यावरच तपासावी.

पंक्चर होतं, हे गृहीत धरा. खुर्चीवर बसलेलं मांजर, खिशातली टाचणी, बैठकीच्या स्क्रूचं टोक, ही नेहमीची कारणं. कप्पे बंद असताना एका कप्प्यातून हवा जात असेल तर माणूस हळूहळू त्या बाजूला कलतो. कप्पे मोकळे असतील तर सगळीच गादी खाली बसते. दोन दिवसांत दोनदा हवा भरावी लागली तर शोध घ्या: कव्हर काढा, कप्पे मोकळे करा, हवा भरून व्हॉल्व्ह बंद करा, गादी पाण्यात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. जागेवर खूण करून, पूर्ण वाळवून, सोबतच्या साहित्यातलं ठिगळ लावा. बुडबुडे व्हॉल्व्हमधून किंवा कळीपाशी येत असतील तर घरी खटाटोप नको, ते विक्रेत्याचं काम. दुरुस्तीच्या दिवसांसाठी घरात एक बदली गादी असणं ही चैन नाही. ती नसेल तर तेवढे दिवस पलंगावर काढावे लागतात.

स्वच्छतेला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. व्हॉल्व्ह बंद ठेवून धुवायची, फुग्यांच्या मधल्या खाचा बोटांनी उकलून. उन्हात वाळवायची नाही, रबर तडकतं. तेल, पेट्रोल, ॲसिटोन, लॅनोलिन असलेली मलमं यांनी नीओप्रीन बिघडतं, म्हणून कातडीला मलम लावून लगेच बसू नये. कव्हर वेगळं, कोमट पाण्यात. परत घालताना चेन मागच्या बाजूला, आणि सुरकुती एकही नाही.

उंचीचा हिशेब राहिला. पातळ फोमवरून १० सेंमीच्या हवेवर गेलं की माणूस वर येतो. फुटरेस्ट तेवढा वर घ्यावा लागतो, नाहीतर पाय लोंबकळतात आणि गादीची पुढची कड मांड्यांना खालून दाबते. पाठीचा टेका तेवढाच आखूड पडतो. चाकाच्या रिमपर्यंत हात कमी पोचतो. हात रिमच्या सगळ्यात वरच्या टोकावर असताना कोपराचा कोन १०० ते १२० अंशांत असावा, तो बघून मागच्या चाकाची जागा बदलावी. नवी गादी घेतली आणि पाना हातात घेतला नाही, तर काम अर्धंच झालं.

१९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलणं हा तिथला कडक नियम होता, कारण हे रुग्ण दगावत ते बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानं. त्याच कारणानं वर्षदिनाच्या यादीत गादीसोबत मूत्रपिंडांची सोनोग्राफी, वजन, रक्तदाब आणि खांद्यांची तपासणीही घालावी. सगळं एका महिन्यात होतं आणि तारीख विसरायचा प्रश्न येत नाही.

जुनी गादी टाकू नका. पाण्यात बुडवून पास झाली तर तीच बदली गादी. कव्हरच्या आतल्या लेबलवर पक्क्या शाईनं घेतल्याची आणि तपासल्याची तारीख लिहा, अर्धवट हवा भरून, सपाट, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा. वर काही रचू नका. दुसऱ्या कुणाला देणार असाल तर मापाशिवाय देऊ नका.